कँटनच्या फुलपाखरांच्या अल्बमला तडे गेलेत, काय करावं?

प्रश्न: कँटनमध्ये (चीनमधलं आजचं ग्वांगझू) रंगवलेल्या फुलं-कीटकांच्या १२ चित्रांचा जुना अल्बम आहे. प्रत्येक चित्राभोवती निळी रेशमी फीत चिकटवलेली. तीन पानांना तडे गेलेत, पांढऱ्या पंखांवर काळपटपणा आलाय. हा कागद कोणता? तडे घरी चिकटवता येतील?

प्रतिसाद १: वर्णनावरून हा कागद नसावा. टेट्रापॅनॅक्स नावाच्या झुडपाच्या खोडातला गाभा (आपल्या भेंडासारखा पांढरा, हलका) पात्याला लावून गोल फिरवत सोलतात, त्याची ही पानं. भिंगातून पाहा: कागदाचे तंतू नसतील, पेशींची बारीक जाळी दिसेल. अशी चित्रं साधारण १८२० नंतरची. जलचिन्ह दिसलं तर मात्र तो युरोपीय कागद. ईस्ट इंडिया कंपनीचे चहा-परीक्षक जॉन रीव्ज यांनी १८१२ ते १८३१ दरम्यान कँटनमध्ये करून घेतलेली वनस्पती-प्राण्यांची चित्रं तशा कागदावर आहेत. ती अभ्यासासाठी होती, अल्बम विक्रीसाठी. त्यामुळे अल्बमातल्या फुलपाखरावरून जात ओळखण्याच्या फंदात पडू नका. रंगकाम मात्र अप्रतिम असतं! ओल्या रंगाने पेशी फुगतात, म्हणून पंख मखमली, उठावदार दिसतात.

प्रतिसाद २: घरी अजिबात चिकटवू नका. हा गाभा दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. फितीने कडा जखडलेल्या, म्हणून तडकतो. पातळ गोंद किंवा फेव्हिकॉल लावलात तर ओलाव्याने पान तिथेच वाकडं होईल. सेलोटेप काढताना तर वरचा थर रंगासकट सुटून येतो. इस्त्रीही नको. कागद-संवर्धक (जुने कागद दुरुस्त करून जपणारे तज्ज्ञ) मागच्या बाजूने कोझोच्या (तुतीच्या सालीपासूनच्या जपानी) कागदाच्या अरुंद पट्ट्या, जवळजवळ कोरड्या घट्ट खळीने लावतात.

प्रश्नकर्ता: मग फीत काढून टाकू? आणि काळपटपणा?

प्रतिसाद २: फीत मूळ मांडणीतली आहे, राहू द्या. कुठे सैल करायची ते संवर्धक ठरवेल. काळं पडलंय तो बहुधा शिशाचा सफेदा (शिशापासून केलेला पांढरा रंग). हवेतल्या गंधकाने तो काळवंडतो. तो पुन्हा पांढरा करायला पेरॉक्साइड लावू नका, पाण्याने गाभा फुगेल. खरवडू तर मुळीच नका, शिसं विषारी आहे. अल्बमजवळ रबर किंवा लोकर ठेवू नका, त्यांतूनही गंधक सुटतं.

प्रतिसाद ३: एखादं पान फ्रेम करायचं तर काच रंगाला टेकू नये, मध्ये ४-५ मिमी अंतर ठेवा. प्रकाश ५० लक्सपर्यंत (म्हणजे मंदच), आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर. मुंबईत असाल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.