वडिलांच्या पॅनवर भलत्यानेच काढलेले क्रेडिट कार्ड : मदत हवी आहे

माझ्या वडिलांच्या पॅनवर कोणीतरी एका खासगी बँकेचे क्रेडिट कार्ड काढून मोठी थकबाकी ठेवल्याचे सिबिलच्या (कर्जाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालातून उघड झाले. बँकेत नोंदवलेला पत्ता व मोबाइल क्रमांक त्यांचा नाही आणि त्यांनी कोणालाही ओटीपी दिलेला नाही. १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पोच घेतली आहे, आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे, सिबिलकडेही हरकत घेतली आहे. बँक मात्र एफआयआरच्या प्रतीशिवाय चौकशीस तयार नाही आणि वसुलीचे फोन थांबत नाहीत. सत्तरीतल्या माणसाला हे फार जड जाते. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे माहीत आहे. तोपर्यंत कोल्हापुरात सायबर पोलिसांकडे एफआयआर नोंदवण्यासाठी अर्जासोबत नेमकी कोणती कागदपत्रे जोडावीत?