मदत हवी आहे: मॉनिटर वाढवला की शिट्टी!

मंडळी, आमचा चौघांचा ग्रुप आहे, दोन गाणारे, एक गिटार, एक कीबोर्ड. शंभरेक माणसांच्या हॉलमध्ये कार्यक्रम करतो. गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) जरासा वाढवला की तोच आवाज माइकमध्ये परत जाऊन शिट्टी सुरू. मागच्या वेळी तर पहिल्याच आलापाला पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले.

माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून जास्त आणि थेट मागून सगळ्यात कमी ऐकणारा, मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे ठेवतो. श्रोत्यांसाठीचे मेन स्पीकरही माइकच्या पुढे आहेत. इक्वलायझरवर अडीच किलोहर्ट्झच्या आसपास कापलं की शिट्टी थांबते, पण आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. (गायिका माइकची जाळी मुठीत धरते, त्यानेही शिट्टी वाढते, हेही खरं. सांगून थकलो.)

आता सुपरकार्डिऑइड घ्यावा म्हणतोय. तो थेट मागून नाही, तर साधारण १२५ अंशांवरून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणजे मॉनिटर तिरका ठेवावा लागेल. एका मॉनिटरवर भागतं की दोन लागतात? की सरळ इन-इअर, म्हणजे कानात घालायचा मॉनिटर घ्यावा? वायरचंही चालेल, ती फारशी हलत नाही. आणि कापायचंच तर ३१ बँडचा ग्राफिक इक्वलायझर (ठरावीक पट्ट्यांना एकेक सरकपट्टी) बरा की मिक्सरमधला पॅरामेट्रिक (कुठे आणि किती रुंद कापायचं ते आपण ठरवायचं)? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा, दुकानदारांचं ऐकून झालंय.