ऑरलँडोची डिस्ने सहल: स्वतः आखावी की एजंटाकडे सोपवावी? (अनुभव धागा)

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झाले तेव्हा तिथे एकच उद्यान होते. आज मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार आहेत, तिकिटांचे दर तारखेनुसार बदलतात, आणि राहणे, जेवणाची आरक्षणे, रांग टाळण्याचे पास हे सारे आपापल्या मुदतीत वेगवेगळे करावे लागते. मुलांच्या सुट्टीत किंवा भारतातून आईवडील आले की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडे ही सहल हमखास ठरते आणि एजंट धरावा की नाही हा वाद घरोघरी होतो. एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो: एजंटाची दलाली डिस्ने देते, त्यामुळे डिस्नेचे तेच पॅकेज त्याच दिवशी थेट घेतले काय किंवा एजंटाकडून घेतले काय, किंमत सारखीच पडते. तेव्हा स्वस्त-महाग एवढ्यावर न थांबता कोणते काम कोणी केले आणि अडचण आली तेव्हा फोन कोणी उचलला, हे लिहावे. एजन्सींची नावे मात्र टाळावीत.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

आम्ही सर्व काही स्वतः केले आणि पुन्हाही तसेच करू. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ‘लाइटनिंग लेन’चे, म्हणजे रांग टाळण्याचे, पास मुक्कामाच्या सात दिवस आधी, तेही संपूर्ण मुक्कामासाठी एकदम घेता येतात, बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. ही खिडकी पूर्वेकडच्या सकाळी सात वाजता उघडते, म्हणजे आमच्याकडे पहाटे चार. नवऱ्याने पहाटे उठण्यास साफ नकार दिल्यावर हे काम मी पुण्यातल्या धाकट्या बहिणीवर सोपवले, कारण उन्हाळ्यात तिच्या घड्याळात तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. आमच्या खात्यातून तिने चहा पिता पिता सगळे पास घेऊन टाकले. (असा एजंट बाजारात मिळत नाही, हे मान्य.)

स्वतः करण्याचे माझे खरे कारण मात्र वेगळे आहे. स्पेस माउंटन आणि एक्सपिडिशन एव्हरेस्ट या राइडना बसायला किमान ४४ इंच उंची लागते, ट्रॉनला ४८. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने या दोन्ही रेघा मारलेल्या होत्या. थोरला पहिल्या रेघेच्या जेमतेम वर आणि धाकटी बरीच खाली. त्यामुळे कोणत्या राइडला कोण जाणार, कुठे ‘रायडर स्विच’ घ्यायचा, म्हणजे एकाने धाकटीला घेऊन बाहेर थांबायचे आणि दुसऱ्याचे झाल्यावर पुन्हा रांग न लावता आत जायचे, हे सगळे त्या चौकटीसमोर उभे राहून ठरले. एवढे तपशील परक्या माणसाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा आपण केलेले सोपे.

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

मी स्वतः नोकरी सांभाळून हे एजंटाचे काम करते, तेव्हा माझे म्हणणे त्या बेताने घ्यावे. आमची दलाली साधारण पॅकेजच्या दहा टक्क्यांच्या घरात असते, तीही प्रवास पार पडल्यानंतर मिळते आणि ज्या एजन्सीच्या छत्राखाली आम्ही काम करतो तिचा वाटा त्यातूनच जातो. ग्राहकाने सहल रद्द केली तर महिनाभराच्या खटाटोपाचे आमच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून काही जण नियोजनाचे वेगळे शुल्क आकारतात, आणि ते आहे की नाही हे पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्यावे.

आमचा उपयोग कुठे होतो ते सांगते. तुम्ही बुकिंग केल्यानंतर डिस्नेने खोल्यांवर सवलत जाहीर केली तर ती जुन्या बुकिंगला आपोआप लागू होत नाही. कोणीतरी मागावी लागते, आणि सवलतीच्या खोल्या मोजक्या असतात. चांगला एजंट त्याच सकाळी ते करून टाकतो. उलट बाजूही आहे. बुकिंग एजंटाच्या नावावर असले की त्यात बदल त्याच्यामार्फतच करावे लागतात. तुम्ही थेट डिस्नेला फोन केलात तर ते तुम्हाला एजंटाकडेच पाठवतात. तो एजंट सुट्टीवर गेलेला असेल तर तुम्ही अडकलात. जेवणाची आरक्षणे ६० दिवस आधी उघडतात ती बहुतेक जण करून देतात, पण लाइटनिंग लेनचे पास सगळेच घेऊन देत नाहीत. एक स्पष्टच लिहिते: ऑरलँडोजवळच्या किसिमी गावातल्या खासगी घरात राहा असे मी कोणाला आपणहून सुचवलेले नाही, कारण त्यात मला काही मिळत नाही.

डॅलस, टेक्सस

वरच्या ताईंनी शेवटी लिहिलेले वाक्य वाचून आमचा अनुभव लिहायलाच हवा. आम्ही दोन एजंटांशी बोललो आणि दोघांनीही डिस्नेची हॉटेलेच पुढे केली. आमच्याबरोबर सासूबाई आणि सासरे होते. सासूबाईंना अंडे चालत नाही आणि सासऱ्यांना रात्री आमटी-भात लागतो. शेवटी आम्हीच शोधून किसिमीत चार खोल्यांचे, स्वयंपाकघर असलेले घर घेतले. सकाळी पोळ्या लाटून, बटाट्याची भाजी डब्यात भरून आम्ही निघत असू. उद्यानात बाहेरचे खाणे नेऊ देतात. काचेची भांडी तेवढी नकोत. पैशाने हे स्वस्त पडले खरे, पण उद्यानाच्या पार्किंगचे पैसे रोज भरावे लागले (डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना ते लागत नाहीत) आणि त्यांना रोज सकाळी मिळणारा अर्ध्या तासाचा आगाऊ प्रवेशही आम्हाला नव्हता. घरून निघून गेटपर्यंत पोहोचण्यात सकाळचा चांगला भाग जाई.

डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ या उपाहारगृहाचे नाव मात्र आम्ही नाकारलेल्या एजंटांपैकीच एकीने मला सांगितले होते, हे प्रामाणिकपणे नमूद करते. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचे ताट मिळते, आणि खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. सासूबाईंनी नानच्या पिठात अंडे आहे का हे विचारायला लावले, तेव्हा आचारी स्वतः टेबलापाशी येऊन काय खाता येईल ते सांगून गेला.

ठाणे

आमचा प्रकार निराळा, कारण आम्ही भारतातूनच गटसहलीने गेलो. दोघेही निवृत्त, इंग्रजी कामापुरते, आणि मुलगा परदेशी नाही. व्हिसाची मुलाखत स्वतःच द्यावी लागली, पण त्यापुढचे सारे कंपनीने पाहिले; मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक आणि अधूनमधून रात्रीचे भारतीय जेवण यांचे मोल आमच्या वयाच्या लोकांना विचारावे. २०२४ च्या उन्हाळ्यात परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर) घेतला जाई. तो पुढे विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर रक्कम अडकून राहते, याचा हिशेब आधीच धरावा.

तक्रार एकच आहे. ऑरलँडोच्या वाट्याला त्या सहलीत केनेडी अवकाश केंद्र आणि मॅजिक किंगडम एवढेच आले, आणि बसची परतीची वेळ किल्ल्यावरच्या आतषबाजीच्या आधीची होती. आम्ही व्यवस्थापकांना विनवले, पण चालकाचे कामाचे तास संपत होते आणि गटातले निम्मे लोक दमले होते. किल्ल्यासमोर माणसे जागा धरून बसायला लागली होती, तेव्हा आम्ही त्यांच्यामधून वाट काढत गेटाकडे निघालो. छापील कार्यक्रमात ‘मॅजिक किंगडम, पूर्ण दिवस’ असे लिहिलेले होते. पूर्ण दिवस म्हणजे किती वाजेपर्यंत, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे.

एडिसन, न्यू जर्सी

मुलगी दहा वर्षांची होण्याआधी जा, एवढेच सांगेन. दहाव्या वर्षापासून तिकीट प्रौढाचे लागते आणि तीनच्या आतल्या मुलाला लागतच नाही. एजंट आम्ही घेतला नाही, उणीव भासली नाही.

अटलांटा, जॉर्जिया

वरील सगळे अनुभव सहल सुरळीत पार पडल्याचे आहेत. आमची शरद ऋतूची सुट्टी ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळाच्या तोंडावर आली. आम्ही डिस्नेचे पॅकेज एजंटाकडून घेतले होते आणि विमानाची तिकिटे स्वतः काढली होती. माझ्या भावाचे कुटुंबही आमच्याबरोबर येणार होते, त्यांनी उद्यानाबाहेर एका मालकाकडून थेट घर घेतले होते. ऑरलँडोसाठी किंवा तुमच्या गावासाठी राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचा चक्रीवादळाचा इशारा तुमच्या आगमनाच्या सात दिवसांच्या आत लागू असेल, तर डिस्ने स्वतःचे दंडशुल्क न आकारता तारखा बदलून देते किंवा पैसे परत करते. हे मला आज पाठ आहे. त्या आठवड्यात माहीतही नव्हते. एजंटबाईंनीच फोन करून ते सांगितले आणि आम्ही घरात बातम्या पाहत असताना डिस्नेच्या फोनवर ताटकळत बसून आमचे पॅकेज डिसेंबरवर ढकलून घेतले. वादळ ९ तारखेच्या रात्री किनाऱ्याला धडकले आणि १० तारखेला चारही उद्याने बंद राहिली.

विमानाच्या तिकिटांशी त्या बाईंचा संबंध नव्हता, ते मी स्वतः निस्तरले. विमान कंपनीने उड्डाणच रद्द केल्यामुळे पैसे परत मिळाले. भावाच्या घरमालकाने मात्र करारातले कलम पुढे केले. त्यात आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही असे लिहिलेले होते, आणि वादळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्याने निम्मी रक्कम पुढच्या मुक्कामात वळती करून देण्याचे कबूल केले, तीही वर्षाच्या आत आलात तर. डिसेंबरमध्ये भाऊ आमच्याबरोबर आला तेव्हा त्याने त्याच मालकाचे घर घेतले, पण डिस्नेची तिकिटे आमच्या एजंटबाईंकडूनच काढली.