तेल कंपनीचं जहाज, नौदलाचं इंजिन: १९३८ चा सौदा शहाणपणाचा की नशिबाचा?

दर्यावर्दी_पुणेकर

पॅसिफिक युद्धाचा विषय निघाला की गाडी पर्ल हार्बरहून मिडवेला आणि मिडवेहून थेट अणुबाँबवर जाते. त्या विमानवाहू नौकांच्या पोटात तेल कोण घालत होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला बरं: युद्धाआधी अमेरिकेने केलेला सर्वांत किफायतशीर व्यवहार म्हणजे सिमारॉन वर्गाचे टँकर.

थोडी पार्श्वभूमी. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाकडचे ऑइलर, म्हणजे ताफ्याबरोबर जाऊन भर समुद्रात तेल देणारी जहाजं, बहुतेक पहिल्या महायुद्धाच्या काळातले. रडतखडत दहा-अकरा नॉट (म्हणजे तासाला तितके सागरी मैल), फार तर चौदा. विमानवाहू नौका तीस नॉटने पळणार आणि तिचं तेल मागून खुरडत येणार. १९३६ च्या कायद्याने तिथे मॅरिटाइम कमिशन स्थापन झालं आणि जानेवारी १९३८ मध्ये या कमिशनने स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीबरोबर बारा टँकरांचा करार केला. नौदलाचा हट्ट जादा वेगाचा, कंपनीला त्याचा काही उपयोग नाही. वेग वाढवला की इंधनाचा खर्च किती चढतो हे तेलवाल्यांपेक्षा कोणाला जास्त कळणार? मग तोडगा निघाला: जहाज कंपनीचं, पण मोठ्या इंजिनाचा वरखर्च सरकारचा. दोन पंखे, स्टीम टर्बाइन, १३,५०० अश्वशक्ती, १८ नॉट. लांबी ५५३ फूट आणि पोटात साधारण १,४७,००० बॅरल तेल.

पहिली तीन, सिमारॉन, निओशो आणि प्लॅट, नौदलाने १९३९ मध्येच घेतली. बाकीची तेल कंपन्यांचा माल वाहत राहिली आणि गरज पडली तशी एकेक करून बोलावली गेली. म्हणजे शांततेच्या काळात ही जहाजं सांभाळायचा खर्चसुद्धा धंद्यातूनच निघाला.

फरक काय पडला ते दोन प्रसंगांत बघा. जानेवारी १९४२ मध्ये लेक्सिंग्टन या विमानवाहू नौकेचा ताफा वेक बेटावर हल्ला करायला निघाला होता. त्याला तेल देणार होतं नेचिस हे जुनं ऑइलर. जपानी पाणबुडीने ते बुडवलं आणि अख्खी मोहीम रद्द! एका टँकरपायी. एप्रिलमध्ये मात्र हॉर्नेट या विमानवाहू नौकेबरोबर सिमारॉन आणि एंटरप्रायझ या दुसरीबरोबर सॅबीन निघाली. या दोघींनी भर पॅसिफिकमध्ये तेल भरून दिलं आणि १८ एप्रिलला हॉर्नेटवरून उडालेली डूलिटलची बाँबफेकी विमानं टोकियोवर पोचली. सॅबीन म्हणजे कालपर्यंतची तेल कंपनीची 'एसो ऑल्बनी'.

आता तुमची पाळी.

उलटतपासणी

असहमत, आणि चांगलाच.

सौदा इतका अक्कलहुशारीचा होता तर जपान का हरला? त्यांनी हेच तुमच्या अमेरिकेच्या आधी केलं होतं. सरकारी अनुदान देऊन १९३० च्या दशकात वेगवान व्यापारी टँकर बांधून घेतले. क्योकुतो मारू, केन्यो मारू, निप्पॉन मारू, शिन्कोकू मारू, सगळे दहा हजार टनांच्या घरातले. युद्ध जवळ येताच नौदलाने ताब्यात घेऊन तेल द्यायची उपकरणं बसवली. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा विमानवाहू नौकांना उत्तर पॅसिफिकच्या खवळलेल्या पाण्यात यांनीच तेल पाजलं. हे टँकर नसते तर तो हल्लाच झाला नसता. (अकागी, सोर्यू आणि हिर्यूवर तर तेलाची पिंपंसुद्धा रचून ठेवली होती, इतकी तेलाची चिंता.)

पुढे काय झालं? केन्यो मारू आणि निप्पॉन मारू दोन्ही जानेवारी १९४४ मध्ये पाणबुड्यांनी बुडवल्या. शिन्कोकू मारू पुढच्याच महिन्यात ट्रुक या जपानी नौदल तळावर बुडाली, क्योकुतो मारू सप्टेंबरात मनिलाला. आराखडा चांगला असून भागत नाही. टँकरला पहारा कोण देतं आणि एक बुडाला तर त्या जागी दुसरा कुठून येतो, यावर युद्ध जिंकलं जातं.

दुसरं, वेकचं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी हल्ल्यात सापडलेल्या वेकला कुमक वेळेत पोचली नाही, त्याचं खापरही लोक नेचिसच्या संथपणावर फोडतात. तुम्ही ते अजून फोडलेलं नाही, पण फोडाल म्हणून आधीच सांगतो: ताफा माघारी बोलावण्याचा निर्णय पॅसिफिक ताफ्याचे तेव्हाचे हंगामी प्रमुख ॲडमिरल पाय यांचा होता. टँकरचा नव्हे.

पंपमन

दोघेही वेगाबद्दल आणि आकड्यांबद्दल बोलताय. मी बरीच वर्षं टँकरवर काढली आहेत (व्यापारी, नौदलाचे नव्हेत), म्हणून डेकवरची बाजू मांडतो.

व्यापारी टँकर धक्क्याला लागतो, मध्यावरच्या मॅनिफोल्डला (सगळे नळ एकत्र येतात त्या तोंडाला) होज जोडतो, माल उतरवतो आणि निघतो. जहाज स्थिर, समोरचा धक्का स्थिर. ऑइलरला हेच काम दहा-बारा नॉटवर चालताना करायचं असतं, एका बाजूला विमानवाहू नौका, दुसऱ्या बाजूला विनाशिका, आणि मध्ये वीस-पंचवीस मीटर पाणी. दोन जहाजं इतकी जवळ चालली की त्यांच्यामधल्या पाण्याचा दाब बदलतो. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाणी जहाजांना लांब ढकलतं आणि मधल्या भागात आत ओढून घेतं. सुकाणूवरच्या माणसाचं लक्ष क्षणभर हललं की लोखंडाला लोखंड भिडलंच.

म्हणून रूपांतर म्हणजे राखाडी रंग फासून दोन तोफा बसवणं नव्हे. डेकवर उंच खांब आणि डेरिक लागतात. होज समुद्रात बुडू नये म्हणून ती झोळीसारख्या खोगिरात अडकवून वर उचलून धरावी लागते. जहाजं डोलतील तशी प्रत्येक दोरी विंचवर सैल करायची, लगेच पुन्हा ताणायची. वर जहाजांच्या बॉयलरचं काळं तेल वेगळं, डिझेल वेगळं, विमानाचं पेट्रोल वेगळं, आणि तिन्ही एका वेळी वेगवेगळ्या बाजूंना. धंद्यातल्या टँकरवर चाळीस-पन्नास माणसं भागवतात. त्याच जहाजावर नौदलाने तीनशेच्या आसपास चढवली, ती काही हौस म्हणून नाही.

हे कसब १९३८ च्या कराराने आलं नाही. १९१७ मध्ये मॉमी नावाच्या ऑइलरवरून अमेरिकन विनाशिकांना अटलांटिकमध्ये चालता चालता तेल दिलं गेलं, आणि त्या जहाजावरचा एक अधिकारी होता चेस्टर निमिट्झ. तोच पुढे पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख झाला. सिमारॉन त्याच्या हातात आली तेव्हा या कामाचं गणित त्याच्या डोक्यात वीस वर्षं मुरलेलं होतं. सौदा चांगला, पण तो कामी आला कारण वापरणारा तयार होता.

घाटमाथा

पंपमन, प्रतिसाद आवडला. असेच लिहीत राहा. बाकी दोघांचं चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लोखंडी_लाट

धागाकर्त्याने सोयीस्करपणे फक्त सिमारॉन निवडली. व्यापारी आराखड्यांत युद्धकाळात अमेरिकेने घाऊक बांधलेले टी-२ टँकर पण येतात की. टी-२-एसई-ए१ हा प्रकार ४८१ जहाजांचा. त्यातली काही नौदलाने सुआमिको वर्ग म्हणून ऑइलर केली. इंजिन ६,००० अश्वशक्तीचं, वेग पंधरा नॉट. म्हणजे ज्या वेगाचं तुम्ही एवढं कौतुक केलंत, तो गेलाच.

आणि मजबुतीचं काय? १६ जानेवारी १९४३. पोर्टलंडमधल्या स्वान आयलंड गोदीत स्केनेक्टडी हा नवाकोरा टी-२ टँकर बांधून उभा होता. समुद्र नाही, वादळ नाही, शत्रू नाही, निवांत नदी. रात्री प्रचंड आवाज झाला आणि जहाज डेकपासून जवळजवळ तळापर्यंत चिरलं. फक्त तळाचा पत्रा तेवढा धरून राहिला. पुढची आणि मागची टोकं खाली बसली, मधला भाग पाण्याबाहेर आला. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद आणि घाईचं वेल्डिंग. असल्या जहाजावर पेट्रोल भरून त्याला कामिकाझेंच्या, म्हणजे जपानी आत्मघातकी विमानांच्या, टप्प्यात पाठवायचं?

दर्यावर्दी_पुणेकर

@लोखंडी_लाट, स्केनेक्टडीचा दोष व्यापारी आराखड्याच्या गळ्यात कसा घालता? तेच पोलाद आणि तेच वेल्डिंग युद्धकाळात सगळीकडे होतं. लिबर्टी जहाजंही चिरली. शिवाय स्केनेक्टडी दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात गेली.

मजबुतीच हवी असेल तर निओशो घ्या. पर्ल हार्बरच्या सकाळी ती युद्धनौकांच्या रांगेत मधोमध उभी होती. विमानाचं पेट्रोल नुकतंच उतरवलेलं. कॅप्टन फिलिप्सने भर हल्ल्यात तिला तिथून बाहेर काढलं. पाच महिन्यांनी, ७ मे १९४२ ला, कोरल समुद्रात ताफ्याला तेल देऊन ती सिम्स या एकाच विनाशिकेबरोबर बाजूला निघाली होती. जपानी टेहळणी विमानाला लांबून ती विमानवाहू नौका वाटली! शोकाकू आणि झुइकाकू या जपानी विमानवाहू नौकांवरची ७८ विमानं या दोन जहाजांवर आली. सिम्स बुडाली. निओशोवर सात बाँब थेट पडले, वर एक विमान कोसळलं. तरीही ती चार दिवस तरंगत राहिली. रिकाम्या झालेल्या तेलाच्या टाक्यांनी तिला धरून ठेवलं. ११ तारखेला हेन्ली या अमेरिकन विनाशिकेने १२३ माणसं उचलली आणि मग तिला स्वतःच बुडवलं. टँकरची शरीररचनाच कप्प्याकप्प्यांची, ती सहजी मरत नाही.

उलटतपासणी

निओशो कप्प्यांमुळे तरंगली, १८ नॉटमुळे वाचली नाही. म्हणजे ज्या वेगासाठी सरकारने पैसे मोजले तो त्या दिवशी काय कामाचा? साध्या तेरा नॉटच्या टँकरलाही कप्पे असतातच की हो.

माझा मोठा मुद्दा अजून तसाच आहे. बारांपैकी चार जहाजं, सँगामॉन, सुवानी, चेनँगो आणि सँटी, १९४२ मध्ये कापून त्यांच्यावर विमानांचा डेक चढवला. ज्या वर्षी वेगवान ऑइलरचा दुष्काळ होता, त्याच वर्षी एक तृतीयांश माल मोडीत! सौदा दूरदृष्टीचा होता म्हणता, मग मालकांनाच त्याची किंमत का कळली नाही?

वसईची_खाडी

ब्रिटिशांचं कुणीच काढलं नाही. नौदलाला रसद पुरवणाऱ्या त्यांच्या रॉयल फ्लीट ऑक्झिलरीने टँकरांचा डेल वर्ग उभा केला तो सरळ बाजारातल्या आराखड्यावर. त्याला 'तीन बारा' म्हणत: १२,००० टन माल, १२ नॉट वेग, दिवसाला १२ टन इंधन. हिशेबी माणसाला आवडेल असं जहाज. जादा वेगाचे पैसे भरायला त्यांचं सरकार तयार नव्हतं.

त्याची वसुली १९४५ मध्ये झाली. ब्रिटिश पॅसिफिक ताफ्यातल्या विमानवाहू नौका मजबूत, वैमानिक उत्तम, पण मागून येणारे टँकर संथ आणि मोजके. तेल बहुधा जहाजाच्या मागे होज सोडून द्यायचे. ती तरंगणारी रबरी होजसुद्धा जर्मनांच्या पकडलेल्या पुरवठा जहाजावरून शिकलेली. अमेरिकन बाजूला येऊन भराभर तेल घेऊन मोकळे होत आणि हे मागे लोंबकळत. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या ऐन तोंडावर टँकर पुरेनात म्हणून ताफ्याचा बराचसा भाग सिडनीला परतला, किंग जॉर्ज ५ ही युद्धनौका आणि इंडिफॅटिगेबल ही विमानवाहू नौका यांच्यासह मोजकी जहाजं तेवढी राहिली.

त्यामुळे माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने. बाजारातलं जहाज घेण्यात चूक नाही. वरचे पैसे न भरण्यात आहे.

लोखंडी_लाट

हे मान्य करायला जड जातंय, पण मुद्दा बिनतोड आहे. तरी माझं म्हणणं, अमेरिकेला हे परवडलं कारण जगातलं निम्म्याहून जास्त तेल तेव्हा तिच्याच जमिनीतून निघत होतं. कर्ज काढून घर चालवणाऱ्याने शेजारच्या सावकाराचा खर्च बघून आपला बेत ठरवू नये.

दर्यावर्दी_पुणेकर

@उलटतपासणी, चार जहाजं मोडीत कशी म्हणता? डेक चढवला तरी पोटातल्या टाक्या तशाच राहिल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत हीच चार होती. बाकीच्या छोट्या विमानवाहू नौका इंधनासाठी तोंड वासायच्या, या मात्र स्वतःचं भागवून सोबतच्या विनाशिकांनाही तेल देत. २५ ऑक्टोबर १९४४ ला लेतेच्या लढाईत सँटीवर आधी कामिकाझे आदळलं आणि काही मिनिटांत पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. टिकली. त्याच दिवशी कैसरच्या कारखान्यातून मुद्दाम विमानांसाठीच बांधून निघालेली छोटी विमानवाहू नौका सेंट लो एका कामिकाझेने बुडाली.

आणि जपानचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. चांगले टँकर होते तोवर ते हवाईपर्यंत पोचले. जून १९४४ मध्ये फिलिपाइन समुद्रात गेन्यो मारू आणि सेइयो मारू विमानहल्ल्यात कामी आले, तेव्हा माघारी निघालेल्या ताफ्याला पुरेसं तेल पोचवायला मागे फारसं कोणी उरलं नव्हतं.

उलटतपासणी

सेंट लोची तुलना चुकीची. तिच्या हँगरमध्ये भरलेले बाँब आणि टॉर्पेडो फुटले, त्याचा टँकरच्या कप्प्यांशी संबंध नाही. सँटीवर त्या क्षणी तशीच सामग्री पेटली असती तर? आणि १९४४ च्या अखेरीस नौदलाकडे ऑइलर इतके झाले होते की उलिथी या पश्चिम पॅसिफिकमधल्या तळाहून एकाच ताफ्यासाठी तीसहून जास्त जहाजं पाळ्या लावून ये-जा करत होती. त्यात १९३८ च्या बारांतली किती, आणि नंतर धडाधड बांधलेली किती? सौद्याने युद्ध सुरू करायला मदत केली असेल. चालवलं ते संख्येने.

पंपमन

सुरू करायला मदत केली असेल म्हणालात ना, तोच तर सगळा प्रश्न आहे. तीस जहाजं १९४४ मध्ये आली. १९४२ च्या पहिल्या सहा महिन्यांत हाताशी होती ती मोजकीच, आणि मिडवेला विमानवाहू नौकांमागे उभ्या होत्या सिमारॉन, प्लॅट आणि ग्वाडालूप. तिन्ही १९३८ च्याच आराखड्यावरच्या.

आपल्याकडचंही सांगून ठेवतो, कारण इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. नौदलातली आयएनएस ज्योती सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत व्यापारी टँकर म्हणूनच आकाराला येत होती. आपण ती घेतली, समुद्रात तेल देण्याची व्यवस्था बसवली आणि १९९६ मध्ये ती ताफ्यात आली. ब्रिटिशांनीही १९८२ मध्ये फॉकलंडसाठी बीपीचे टँकर असेच उचलले आणि मागून तेल द्यायची साधनं लावून दक्षिणेला पाठवले.

@लोखंडी_लाट, टी-२ च्या भेगांबद्दल वेगळा धागा काढा. नंतर त्या जहाजांच्या डेकवर आणि बाजूंना पट्ट्या बसवून भेग अडवायची व्यवस्था केली गेली, त्यावर लिहायचंय मला.