नियम कधी मोडलात? (अनुभव धागा)

मध्यरात्री रिकाम्या चौकात कुणी लाल सिग्नलला थांबलं, तर मागचा हॉर्न वाजवून वाजवून त्याचा जीव खातो. आणि ओळख काढून रांगेत पुढे घुसताना माणुसकीची आठवण करून देणारेही आपणच. म्हणून हा धागा. नियम समजून-उमजून मोडला असेल, किंवा मोह होऊनही पाळला असेल, तर लिहा. अट एकच: 'घाई होती' हे कारण चालणार नाही.

निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ
साखळीबद्दल लिहितो. साखळी ओढली की ब्रेक पाइपातला दाब उतरतो आणि गाडी थांबते. मग आमच्यापैकी कुणीतरी खडीतून चालत जाऊन तो डबा शोधायचा, साखळी पूर्ववत करायची. तोवर मागच्या गाड्या सिग्नलला खोळंबलेल्या. वडापाव आणायला उतरलेला मेहुणा मागे राहिला म्हणून ओढलेली साखळीही पाहिली आहे. दंड झाला, व्हायलाच हवा होता. पण एकदा पोर डब्यात आणि आई फलाटावर राहिली, तेव्हा एका कॉलेजच्या मुलाने साखळी ओढली आणि तिथेच उभा राहिला. "मीच ओढली," म्हणाला. कारण लिहून घेतलं, सोडून दिलं. रेल्वे कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे वाजवी आणि पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणं हा गुन्हा आहे. त्या पोराकडे कारण होतं!

ठाणे
मेहुण्याच्या बायकोला विचारा, तिच्या दृष्टीने तेही पुरेसं कारण असेल.

शिक्षक, रायगड जिल्हा
मुलांना दरवर्षी महाडला चवदार तळ्यावर नेतो. एकीने विचारलं, "सर, बाबासाहेबांनी नियम मोडला की पाळला?" पायऱ्यांवर बसून बराच वेळ तेच बोलत राहिलो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. म्हणजे २० मार्च १९२७ ला जे पाणी प्यायले, त्यांच्या बाजूने कागद होता. मोडली ती रूढी, आणि मार मात्र त्यांनीच खाल्ला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. डिसेंबरात पुन्हा हजारो माणसं जमली, तर कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, हुकूम पाळला आणि दावा लढवला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. मला विचाराल तर मार्चपेक्षा तो डिसेंबर अवघड होता. मुलीला हे पटलं नाही. "पाणी तर त्यांचंच होतं ना?" म्हणाली.

सोसायटीचा सेक्रेटरी, पुणे
वॉचमनने अध्यक्षांच्या जावयाला वहीत नोंद केल्याशिवाय आत सोडलं नाही. तो नियम अध्यक्षांनीच केलेला. बैठकीत विषय निघाला तो 'वॉचमनचा उद्धटपणा' या नावाने.

स्टाफ नर्स, सरकारी रुग्णालय
लेखी ऑर्डरशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. पण रात्री पेशंट अचानक खालावतो आणि डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेले असतात. मग फोनवर ऑर्डर घ्यायची, औषध आणि डोस मोठ्याने परत म्हणायचा, शेजारच्या सिस्टरला ऐकवायचा, वेळ टाकायची आणि डॉक्टर आले की आधी सही. चौकट सोडली तरी मागे माग राहतो. अपघाताच्या केसमध्ये 'आधी पोलिसांना येऊ दे' म्हणणारे मात्र अजून भेटतात. आधी उपचार, बाकीचं नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. काही जण न वाचलेलाच नियम फार कडक पाळतात.

शेतकरी, नगर जिल्हा
आमच्याकडे पाटाचं पाणी पाळीने, ते वाटून देतो पाटकरी. माझी पाळी चालू असताना भावकीतला एक जण रात्री उठवायला आला. "अण्णा, कांद्याचं रोप जळतंय, तासभर पाणी दे. पाटकऱ्याला सांगू नको." म्हटलं, घे, पण पाटकऱ्याला मी सांगणार. सकाळी सांगितलं. पाटकरी कुरकुरला आणि त्या भावकीतल्याच्या पुढच्या पाळीतला तास कापून माझ्यात घातला. वरच्या अंगाला दुसऱ्या एकाने गुपचूप पाटाचं दार फोडलं होतं. त्याच्याही रोपाला पाणी हवंच होतं. पण त्याच्या दाराला आता कुलूप आहे, आणि किल्ली पाटकऱ्याकडे.