ऑनलाइन गाण्याच्या वर्गासाठी आभासी मिक्सर: कमांडने की माउसने?

षड्जपंचम (धागाकर्ता)

लिनक्सवरून ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या ओळखीच्या मंडळींना आवाजाची मांडणी करून देण्याचं काम माझ्याकडे वरचेवर येतं. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: ही मांडणी कमांडने करावी आणि फाइलमध्ये लिहून ठेवावी. पडद्यावरच्या आकृतीत माउसने तारा (कुठला आवाज कुठे जाणार ते दाखवणाऱ्या रेषा) ओढून केलेली मांडणी या कामाला पुरत नाही. ॲप बंद झालं की त्या तारा तुटतात आणि पुढच्या वर्गाला पुन्हा तीच खटपट.

गरज काय असते ते आधी सांगतो. तानपुरा आणि तबला ॲपमधून वाजतात. ते गुरूच्या हेडफोनमध्येही हवेत आणि शिष्यापर्यंतही पोचायला हवेत. गुरूचा गळा शिष्याकडे जावा, पण गुरूच्याच कानात उशिरा परत येऊ नये. शिष्याचा आवाज गुरूला ऐकू यावा, पण उलटा शिष्याकडे जाऊ नये. एकच आभासी सिंक (ॲपना स्पीकरसारखा दिसणारा, आवाज गोळा करणारा कप्पा) काढून सगळं त्यात ओतलं, की यातलं एक ना एक बिघडतंच. म्हणून दोन सिंक लागतात, ‘साथ’ आणि ‘वर्ग’. ॲप ‘साथ’मध्ये वाजतं. तिथून एक लूपबॅक (एका जागचा आवाज उचलून दुसरीकडे देणारा दुवा) हेडफोनला, दुसरा ‘वर्ग’ला. माइकचा लूपबॅक फक्त ‘वर्ग’ला. कॉलचं ॲप ‘वर्ग’च्या मॉनिटरलाच (त्या सिंकमधला आवाज बाहेर देणाऱ्या टोकालाच) माइक समजतं, आणि पलीकडून येणारा आवाज ते थेट हेडफोनला देतं.

पाइपवायर या लिनक्सच्या साउंड सर्व्हरमध्ये (ॲपचे आवाज इकडून तिकडे पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हे दोन नल सिंक (खऱ्या स्पीकरला न जोडलेले सिंक) आणि तीन लूपबॅक एवढंच काम आहे. आधी ‘पीडब्ल्यू-लूपबॅक’ या कमांडने टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) करून बघायचं, जमलं की तेच ‘पाइपवायर.कॉन्फ.डी’ या फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहायचं. मशीन सुरू झालं की मिक्सर तयार. दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर फाइल पाठवायची आणि माइक-हेडफोनची नावं तेवढी बदलून घ्यायची.

निळीतार

असहमत. क्यूपीडब्ल्यूग्राफ या तारा ओढायच्या ॲपमध्ये तारांची मांडणी फाइलमध्ये साठवता येते. त्यातला पॅचबे (साठवलेली मांडणी लागू ठेवणारी सोय) चालू ठेवला तर ॲप परत उघडल्यावर तारा आपोआप जोडल्याही जातात. उलट ‘पीएसीटीएल’ या कमांडने टर्मिनलवर काढलेला नल सिंक साउंड सर्व्हर पुन्हा सुरू झाला की नाहीसा होतो. कायम की तात्पुरतं, हा कमांड आणि माउस यांच्यातला फरक नव्हेच.

माझा मुद्दा वर्ग चालू असतानाचा आहे. शिष्य म्हणाला, “गुरुजी, तानपुरा गेला.” आता गुरुजींनी काय बघायचं? ग्राफमध्ये तुटलेली तार नजरेला पडते. ‘पीडब्ल्यू-लिंक’ या कमांडने दिलेल्या जोडण्यांच्या यादीत तीच गोष्ट ओळीओळीने शोधावी लागते. ‘डब्ल्यूपीसीटीएल’ या कमांडची तऱ्हा याहून वाईट, त्यातले उपकरणांचे क्रमांक मशीन पुन्हा सुरू केलं की बदललेले असू शकतात. शिकवणाऱ्याचं लक्ष सुरावर असतं. त्याला डोळ्यांनी बघून दुरुस्त करता येईल अशीच मांडणी द्यायला हवी.

जुनाखुंट

दोघांशीही असहमत. ज्या फाइलच्या भरवशावर धागाकर्ते आहेत, तशा फाइली मी अल्सा या लिनक्सच्या मूळ ध्वनियंत्रणेतल्या डीमिक्सपासून (अनेक ॲपचे आवाज एकत्र करणाऱ्या सोयीपासून) लिहीत आलोय. मग पल्सऑडिओ हा साउंड सर्व्हर आला आणि मांडणी नव्या फाइलमध्ये नव्याने लिहावी लागली. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०२१ मध्ये ३४व्या आवृत्तीत आवाजासाठी पाइपवायर डीफॉल्ट केलं, उबुंटू या दुसऱ्या प्रकाराने २२.१० आवृत्तीत. लुआ या भाषेत लिहिलेली वायरप्लंबरची (पाइपवायरमधल्या जोडण्या ठरवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंगं २०२४ मध्ये ०.५ आवृत्ती आली तेव्हा बाद झाली. सकाळी अपडेट, संध्याकाळी वर्ग, आणि मध्ये बसून फाइल दुरुस्त करणारं घरात कुणी नाही, ही वेळ कलावंतावर आणूच नये. लूपबॅकची सोय असलेला छोटा यूएसबी इंटरफेस (माइक-हेडफोन जोडायची पेटी) घ्या, त्यावर बटणं आहेत, विषय संपला.

षड्जपंचम

काका, आवृत्त्यांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच मी वायरप्लंबरच्या नियमांना हात लावत नाही, सिंक आणि लूपबॅक पाइपवायरच्याच फाइलमध्ये ठेवतो.

पण इंटरफेसचा उपाय इथे लागू पडत नाही. साध्या इंटरफेसमधला लूपबॅक कॉम्प्युटरवर वाजणारं सगळंच परत पाठवतो. त्यात तानपुऱ्याबरोबर शिष्याचा आवाजही येतो आणि शिष्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो. कॉलच्या ॲपमधलं प्रतिध्वनी काढणं गाण्याच्या वर्गात आपण बंद ठेवतो, त्यामुळे ते मदतीला येत नाही. साथ तेवढी वेगळी काढायची तर वेगळा सिंक हवाच.

गानवेडी_मिरज

मी शिकवते. तुमच्या या वादात माझी खरी अडचण आलीच नाही, ती म्हणजे ठेका. तानपुऱ्याने मला कधीच त्रास दिला नाही. कॉलच्या ॲपमधलं ‘गोंगाट कमी करा’ बंद केलं की तो नीट पोचतो, चालू राहिलं तर तो पंख्याचा आवाज समजून गिळला जातो. पण द्रुत बंदिश घेतली की शिष्या म्हणतात, ताई, तुम्ही समेच्या मागे येताय. मी मागे येत नाही. विलंबितमध्ये हीच तक्रार कुणी करत नाही. याला कमांड काय करते आणि माउस काय करतो ते सांगा.

षड्जपंचम

ताई, हा दोष मांडणीचा आहे. तबला ‘वर्ग’मध्ये लगेच पोचतो. तुमच्या कानात मात्र तो बफरमधून (आवाज तुकड्यातुकड्याने साठवून पुढे देणाऱ्या जागेतून) उशिरा येतो. तुम्ही त्यावर अचूक गाता, आणि मग तुमचा आवाज माइककडून पुन्हा बफरमधून ‘वर्ग’ला जातो. हे दोन्ही उशीर मिळून तुमच्या वाट्याला येतात. १०२४ सॅम्पलचा (आवाजाच्या सूक्ष्म नोंदींचा) बफर सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या दराने सुमारे २१ मिलिसेकंदांचा, म्हणजे जाता-येता किमान ४२. मिनिटाला २४० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. त्यात एवढा फरक कानाला टोचणारच. विलंबितात मात्रा काही सेकंदांची असते, तिथे तो जाणवत नाही. इंटरनेटचा उशीर याहून मोठा असतो, पण तो गळा आणि तबला दोघांना सारखाच लागतो, त्यामुळे सम हलत नाही.

उपाय दोन. बफर २५६ वर आणायचा, म्हणजे जाता-येता ११ च्या आत. जुन्या लॅपटॉपवर यात खरखर येऊ शकते. दुसरा उपाय मला जास्त पटतो: ‘साथ’कडून ‘वर्ग’कडे जाणाऱ्या लूपबॅकलाच तेवढा उशीर द्यायचा. ‘पीडब्ल्यू-लूपबॅक’ला डिले सेकंदांत सांगता येतो. शिष्येकडे तबला आणि गळा एकत्र पोचतात. ग्राफमध्ये ओढलेल्या तारेला असा उशीर देता येत नाही, म्हणून मी कमांडवर अडून बसलोय. आणि हेडफोन वायरचेच वापरा. ब्लूटूथचा उशीर याच्या कैक पट असतो.

निळीतार

डिलेचा मुद्दा मान्य, तो तारेने होत नाही. पण किती द्यायचा हे फाइल सांगणार नाही. ते मोजावं लागेल, आणि मोजायला डोळेच लागतात. ‘वर्ग’चा मॉनिटर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये रेकॉर्ड करा, ठेक्यावर समेला टाळी द्या, तबल्याची आणि टाळीची लाट यांतलं अंतर बघा. तेवढा डिले.

जुनाखुंट

आणि प्रत्येक अपडेटनंतर हे पुन्हा मोजा. बफर बदलला की आकडा बदलला.

गानवेडी_मिरज

टाळी देऊन बघते, हे माझ्या आवाक्यातलं आहे. षड्जपंचम, तुमची फाइलही पाठवा, पण प्रत्येक ओळीच्या वर मराठीत लिहा की ही ओळ कशासाठी आणि यातला कुठला आकडा मी बदलायचा. डिलेची ओळ सगळ्यात वर ठेवा. निळीतार, मांडणी बरोबर असताना ग्राफ कसा दिसतो त्याचं चित्र तुम्ही द्या, म्हणजे वर्गात काही तुटलं तर मला ताडून बघता येईल.