बाबांच्या पायाच्या नसा ब्लॉक, पण डॉक्टरांना काळजी हार्टची. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबा ६४ वर्षांचे, सांगलीला असतात. वर्षभर म्हणत होते की चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, आणि आम्ही आपले वयाचं दुखणं म्हणून तेल चोळत बसलो. शेवटी घोट्याचं आणि हाताचं बीपी मोजून रेशो काढतात ती एबीआय टेस्ट केली तर उजव्या पायाला ०.६२ आला, ०.९ च्या खाली गेला की गडबड.

त्यात पोटाचा घेर १०४ सेंमी (आपल्याकडे पुरुषांचा ९० च्या आत हवा), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल, ते कमी) ३४, उपाशीपोटी शुगर ११८ आणि बीपीची गोळी आधीपासून. पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आमच्या बाबांनी पाचही पटकावल्यात! डॉक्टर म्हणाले पाय राहू दे, ज्या चरबीने पायाची नस अडली तीच हार्ट आणि मेंदूकडच्या नसांतही साठते, म्हणून अटॅक नि लकव्याची भीती जास्त. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) चालू केलंय. शिवाय दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, आठवड्यातून तीनदा तरी ३०-४५ मिनिटं.

आता खरी अडचण, तंबाखू. ४० वर्षांची सवय आहे, आईपासून लपवून मळतातच. कुणाच्या घरी सुटली असेल तर नक्की कशी ते सांगा ना. आणि छातीत काहीच दुखत नसताना कुणाला हार्टच्या तपासण्या सांगितल्या होत्या का, कोणत्या? चालण्याने दुखणं कमी व्हायला किती महिने लागले? बाबा चौथ्या दिवशीच कंटाळलेत.